ऊन लागणं आणि उन्हानं रापणं : एका गैरसमजाचा दोनशे वर्षांचा इतिहास

"डॉक्टर, मी उन्हात जातच नाही हो. सकाळी दहाच्या सुमाराला, हवा गार असते तेव्हा भाजी आणते. मग हा वांग आला कुठून?"

मागच्या फेब्रुवारीत एका ताईंनी मला हा प्रश्न विचारला. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग होते. सहा महिने औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेलं गोरेपणाचं क्रीम लावून झालं होतं. त्यात स्टेरॉइड होतं, त्यामुळे डाग तिथेच राहिले आणि वरची त्वचा मात्र पातळ, लालसर झाली. त्या खोटं बोलत नव्हत्या. आपण उन्हात जात नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं, कारण त्यांच्या मते ऊन म्हणजे घाम, चटका, डोकं दुखणं. हवा गार असली की ऊन नाही.

आपल्या भाषेतच ही गफलत आहे. "ऊन लागलं" असं आपण म्हणतो तेव्हा उष्माघाताबद्दल बोलत असतो. उपाय काय? खिशात कांदा, कैरीचं पन्हं, डोक्याला उपरणं. आणि "चेहरा रापला" म्हणतो तेव्हाही दोष उन्हालाच देतो. पण हे दोन वेगळे उद्योग आहेत, आणि ते करणारे किरणही वेगळे आहेत. हे समजायला वैद्यकशास्त्राला शंभराहून जास्त वर्षं लागली, तेव्हा तुमचा-आमचा गोंधळ झाला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती गोष्ट मजेशीर आहे आणि शेवटी तुमच्या भाजीच्या पिशवीपर्यंत येऊन पोचते, म्हणून आज सांगतो.

काळं कापड आणि शाईचा पट्टा

१८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञानं सूर्यप्रकाशाचं इंद्रधनुष्य कागदावर पाडलं. कागदाला चांदीचा क्षार लावलेला होता, तो प्रकाशानं काळा पडतो. जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तो कागद सर्वांत जास्त काळवंडला. अतिनील किरणांचा शोध लागला तो असा. त्वचेशी त्याचा काही संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढचा प्रयोग मला फार आवडतो. एव्हरार्ड होम नावाचे लंडनचे नामवंत सर्जन होते. (माणूस तसा धुतल्या तांदळासारखा नव्हता. आपले मेहुणे जॉन हंटर यांची हस्तलिखितं त्यांनी जाळून टाकली आणि त्यातलं संशोधन स्वतःच्या नावावर खपवलं, असा आरोप त्यांच्यावर आहे.) त्यांना एक कोडं पडलं होतं. काळा रंग उष्णता जास्त शोषतो, मग उष्ण देशांतल्या माणसांना काळी त्वचा का? १८२० मध्ये त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उन्हात धरले. एक उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळं कापड घातलं आणि दोन्हींवर उष्णतामापक ठेवला. काळ्या कापडाखालचा पारा जास्त चढला. पण भाजला तो उघडा हात. जास्त तापलेल्या हाताला काही झालं नाही!

म्हणजे त्वचा भाजते ती उष्णतेमुळे नाही, प्रकाशातल्या दुसऱ्याच कशामुळे तरी. उत्तर इतकं स्पष्ट हाताशी आलं होतं, पण ते 'दुसरं काहीतरी' म्हणजे अतिनील किरण हे सिद्ध व्हायला १८८९ साल उजाडलं. ते काम स्वीडनच्या योहान विडमार्क यांचं.

त्यानंतर डेन्मार्कचे नील्स फिन्सन आले. १८९३ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या हातावर काळ्या शाईचा एक पट्टा ओढला आणि हात काही तास उन्हात ठेवला. शाई धुतली तर खालची त्वचा जशीच्या तशी गोरी, दोन्ही बाजूंची लाल. ती लाली गेल्यावर तिथली त्वचा रापली. मग त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. आता शाईखालचा तो गोरा पट्टा भाजला आणि रापलेल्या भागाला तुलनेनं कमी त्रास झाला. रापणं हा त्वचेनं स्वतःसाठी उभारलेला आडोसा आहे, हे त्यांनी स्वतःच्या हातावर दाखवून दिलं.

मी पेशंटना हे सांगतो तेव्हा काही जण खूश होतात: "म्हणजे रापलेलं बरंच की!" थांबा. आडोसा उभा राहतो तो मार बसल्यानंतर. त्वचेच्या पेशींमधल्या डीएनएला इजा झाली की रंगद्रव्य तयार करण्याचा आदेश सुटतो. पाणी घरात शिरल्यावर दारात वाळूची पोती रचावीत, तसं ते आहे. आणि गोऱ्या त्वचेला रापून मिळणारं संरक्षण अगदीच किरकोळ असतं.

फिन्सन पुढे त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करू लागले आणि १९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. दुसऱ्याच वर्षी, अवघ्या ४३ व्या वर्षी ते गेले.

साहेबाची टोपी आणि नारिंगी गंजीफ्रॉक

याच काळात आपल्याकडे साहेब लोक काय करत होते पाहा. लग्नातल्या बाशिंगासाठी वापरतात तसल्या हलक्या, पांढऱ्या भेंडाची ती जाड सोला हॅट जुन्या फोटोंत तुम्ही पाहिली असेल. 'सोला' हे त्या पाणवनस्पतीचं, शोल्याचं, नाव. इंग्रजांनी त्याचं 'सोलर' करून टाकलं. उष्ण कटिबंधातल्या सूर्याचे विशेष किरण कवटी भेदून मेंदूपर्यंत जातात आणि पाठीतून मज्जारज्जूपर्यंत पोचतात, अशी गोऱ्या लोकांची पक्की समजूत होती. म्हणून डोक्यावर ही टोपी आणि पाठीच्या कण्यावर कापडाची जाड पट्टी! मुंबईच्या मे महिन्यात पाठीवर गादी बांधून हिंडणाऱ्या माणसाची कल्पना करा. ज्या उष्माघातापासून वाचायचं, त्याचीच सोय.

अमेरिकी लष्करातल्या चार्ल्स वुडरफ या डॉक्टरांनी तर १९०५ मध्ये उष्ण देशांतल्या प्रकाशाचे गोऱ्या माणसांवर होणारे दुष्परिणाम यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या विचारातून फिलिपिन्समधल्या शेकडो सैनिकांना नारिंगी-तांबड्या रंगाचे आतले कपडे दिले गेले. तो रंग घातक किरण अडवेल अशी आशा होती. बरोबरीला नेहमीचे पांढरे कपडे घालणारी दुसरी तुकडी ठेवली. १९१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: फायदा शून्य, उलट त्या कपड्यांत जास्त उकडायचं. कल्पना हास्यास्पद असली तरी प्रयोग मात्र चोख होता, तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला. आज बाजारात येणाऱ्या अनेक क्रीमांच्या वाट्याला एवढी चोख परीक्षासुद्धा येत नाही.

सोला हॅटचा दबदबा ओसरला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रह्मदेशाच्या जंगलात सैनिक साध्या रुंद काठाच्या फेल्ट हॅट घालून लढले आणि सूर्यकिरणांनी कुणाचा मेंदू वितळला नाही. उष्माघात होतो तो हवेच्या उष्णतेनं, दमटपणानं, श्रमानं आणि शरीरातलं पाणी कमी झाल्यानं. तो सावलीतही होऊ शकतो. पत्र्याच्या बंद खोलीत होतो. आणि अतिनील किरणांचा मारा गारव्यातही होतो. डिसेंबरात महाबळेश्वरला शाल पांघरून तुम्ही बोटिंग करता तेव्हाही. उलट, उंचीवर हवेचा थर पातळ असल्यानं हे किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात.

नाशिकचा अपवाद

इथे एक वळण घ्यायला हवं, नाहीतर तुम्ही हा लेख वाचून मुलांना घरात कोंडाल.

१९२० च्या आसपास मुडदूस हा युरोपातल्या शहरांमधला मोठा आजार होता. मुलांची हाडं मऊ पडायची, पाय वाकायचे. कुणी म्हणे आहार वाईट, कुणी म्हणे कोंदट घरं. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशानं अशी मुलं बरी करून दाखवली. आणि याच सुमाराला आपल्या नाशिकमध्ये काम करणारे डॉक्टर हचिसन आणि त्यांचे भारतीय सहकारी एक विलक्षण निरीक्षण नोंदवत होते. मुडदूस त्यांना सापडत होता तो पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांमध्ये. खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण बायका आणि तान्ही बाळं घराच्या आतल्या भागात असायची. उलट शेतावर, रस्त्यावर राबणाऱ्या गरीब बायकांची मुलं, ज्यांचा आहार कितीतरी निकृष्ट होता, या आजारातून सुटत होती. आई कामाला जाताना पोर पाठीशी किंवा बांधावर, उन्हात. आहारापेक्षा सूर्यप्रकाश महत्त्वाचा, याचा तो जगातल्या पहिल्या काही पुराव्यांपैकी एक होता, आणि तो गोदाकाठी मिळाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच सापडतो याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा ऊन शत्रू नाही. ड जीवनसत्त्वासाठी ते लागतं. प्रश्न मात्रेचा आहे, आणि मात्रा औषधाचीही चुकू शकते.

ती चुकलीच. ऊन हाडांना चांगलं, क्षयाला चांगलं, हे कळल्यावर युरोप-अमेरिकेत सूर्यस्नानाची लाटच आली. त्याआधी तिकडेही गोरी कांती म्हणजे श्रीमंती, रापलेली म्हणजे शेतमजूर असं समीकरण होतं (आपल्याला हे नवीन नाही). आता कारखान्यातला मजूर फिकट दिसू लागला आणि समुद्रकाठी सुट्टी घालवणारा श्रीमंत रापलेला. समीकरण उलटं झालं. फॅशनवाल्या कोको शनेल १९२३ मध्ये जहाजावरून रापून उतरल्या आणि ती फॅशन झाली, असं सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोंडस वाटते, पण काळ तोच. १९२८ मध्ये जॉर्ज फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडून त्वचेचा कर्करोग निर्माण करून दाखवला, पण त्या धामधुमीत सामान्य माणसांपर्यंत तो पोचला नाही.

ट्यूबवरचा आकडा

आजच्या सनस्क्रीनचे दोन पूर्वज सांगतो. फ्रान्झ ग्राइटर हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ मध्ये ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं पिझ ब्युइन शिखर चढताना बर्फावरच्या उन्हानं चांगलाच भाजला. बर्फ गार, हवा गार, आणि तोंड सोललेलं! पुढे १९४६ मध्ये त्यांनी 'हिमनदी क्रीम' बाजारात आणलं. दुसरे बेंजामिन ग्रीन, फ्लोरिडाचे औषधविक्रेते. त्यांनी दुसऱ्या महायुद्धात, समुद्रात अडकून पडणाऱ्या वैमानिकांसाठी जनावरांच्या औषधात वापरायचं लाल, चिकट पेट्रोलियम जेली वापरलं. काम करायचं, पण दिसायला भयंकर. मग त्यात कोको बटर, खोबरेल तेल मिसळत पुढे 'कॉपरटोन' तयार झालं.

एसपीएफ हा शब्द रूढ केला तो याच ग्राइटर यांनी, १९७४ मध्ये. त्याचा अर्थ मात्र बहुतेकांना चुकीचा ठाऊक असतो. एसपीएफ ३० म्हणजे तीसपट वेळ बिनधास्त उन्हात फिरा, असं नाही. प्रयोगशाळेत त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून, त्वचा लाल व्हायला किती जास्त किरण लागतात हे मोजतात. १५ चा आकडा असेल तर लाल करणारे सुमारे ९३ टक्के किरण अडतात, ३० ला ९७, ५० ला ९८. म्हणजे ३० आणि ५० मध्ये फरक फार थोडा. खरा फरक पडतो किती लावता त्यानं. आपण सगळे लावतो त्याच्या अर्ध्याहून कमी, नाजूक हातानं, अत्तरासारखं. चेहरा, कान आणि मान मिळून दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा एवढं क्रीम लागतं. या हिशेबानं ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. पुरत असेल तर ट्यूबवरचा आकडा तुमच्या चेहऱ्यावर उतरलेला नाही, एवढं नक्की. दर दोन-अडीच तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावायचं ते वेगळंच.

आणखी एक अडचण. तो आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो, कारण त्वचा लाल करतात ते. यूव्हीए किरण भाजत नाहीत, कळतही नाहीत, पण खोलवर जाऊन सुरकुत्या आणि काळे डाग देतात. साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीएचा बराच भाग आत सोडते. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला. चेहऱ्याची डावी, खिडकीकडची बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, जाड घड्या पडलेली. आपल्याकडे गाडीचं चाक उजवीकडे असतं. रोज गाडी चालवणाऱ्या काकांनी आरशात उजवा आणि डावा गाल नीट निरखून पाहावा. यूव्हीएसाठी जपाननं १९९६ पासून 'पीए' आणि पुढे अधिकाची चिन्हं अशी पद्धत सुरू केली. तुमच्या ट्यूबवरही ती असते. तीन अधिक असलेली घ्या.

ऑस्ट्रेलियाचा सीगल

गोरे लोक आपल्या त्वचेला न मानवणाऱ्या उन्हात जाऊन वसले, त्याची सर्वांत मोठी किंमत ऑस्ट्रेलियानं मोजली. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक गणलं जातं. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग परिषदेनं टीव्हीवर सिड नावाचा एक सीगल पक्षी नाचवला. तो गात सांगायचा: शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. क्रम लक्षात घ्या. क्रीमच्या आधी शर्ट! तिथल्या अनेक शाळांत मधल्या सुट्टीत टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळत नाही. तुमची नातवंडं मेलबर्नला असतील तर त्यांच्या शाळेच्या फोटोतली ती रुंद काठाची टोपी यासाठीच.

क्रीमचा खरंच उपयोग होतो का, हे पाहिलं गेलं क्वीन्सलंडमधल्या नाम्बूर या गावात. १६२१ गावकऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट केले. काहींना १९९२ ते १९९६ रोज सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना "नेहमीसारखं करा" म्हटलं. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार (स्क्वॅमस) सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. दुसरा (बेसल) कमी झाला नाही. पुढची दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर सर्वांत घातक मेलानोमा या गटात ११ जणांना, तर दुसऱ्या गटात २२ जणांना झालेला दिसला. पंचावन्न वर्षांखालच्यांमध्ये सुरकुत्याही कमी पडल्या.

पण हे सगळे गोरे लोक होते, आणि इथे मी थोडा सावध होतो. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार पाडले तेव्हा यादीत फक्त गोऱ्यांचे चार प्रकार होते. तुम्ही-आम्ही त्यात नव्हतोच. तपकिरी आणि काळी त्वचा पाचवी-सहावी म्हणून नंतर जोडली. १९७९ च्या एका अभ्यासात गडद काळ्या त्वचेचं उपजत संरक्षण एसपीएफच्या भाषेत सुमारे १३ भरलं, गोऱ्यांचं ३ च्या आसपास. आपण भारतीय मधे कुठेतरी. त्यामुळे त्वचेच्या कर्करोगाची जी भीती ऑस्ट्रेलियात रास्त आहे, ती दाखवून इथल्या प्रत्येकाला महागडं क्रीम विकणं मला पटत नाही. कोड असलेल्यांनी, जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांनी आणि प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र काटेकोर राहावं. आणि रंग कोणताही असो, दीड-दोन महिन्यांत न भरणारी जखम किंवा तळपायावर, नखाखाली वाढत जाणारा काळा डाग दिसला तर दाखवायला या. आपल्यात मेलानोमा अशा न दिसणाऱ्या जागी जास्त सापडतो, आणि तिथे दोष उन्हाचा नसतो.

आपल्या त्वचेला उन्हाचा त्रास होतो तो वांग, काळे डाग, मानेवर-हातांवर उठणारं खाजरं पुरळ अशा रूपात. वांगाच्या बाबतीत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो, आणि पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. लोहाचे क्षार असलेलं, त्वचेच्या रंगाचं क्रीम तो बराच अडवतं.

त्या ताईंना मी आधी स्टेरॉइडचं क्रीम बंद करायला सांगितलं, पण एका दिवसात तोडून नाही, हळूहळू. मग घड्याळ आणि थर्मामीटर विसरून स्वतःची सावली पाहायला सांगितलं. सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर किरण सौम्य, आखूड असेल तर तीव्र. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा ते डोक्यावर असतात. फेब्रुवारीतल्या त्यांच्या दहा वाजताच्या गार हवेत सावली आखूड होतच आलेली असते, आणि दोन-चार ठिकाणी घासाघीस करून परत येईपर्यंत अकरा वाजतात. भाजी आठच्या आत आणा, नाहीतर आजोबांची काळी छत्री घ्या, असं म्हटलं. काळी, घट्ट विणीची, एव्हरार्ड होमच्या कापडासारखी. पातळ पांढरा सुती पदर डोक्याला गार वाटतो, पण किरण बरेच आत सोडतो. स्कूटरवर तोंडाला बांधायचा स्कार्फही जाड विणीचा हवा.

"छत्री? पाऊस नसताना? लोक हसतील." त्या म्हणाल्या.

जूनमध्ये त्या तपासायला आल्या. लाली गेली होती, वांग निम्म्यावर आला होता. छत्री दाराशी टेकवली होती आणि बरोबर शेजारच्या वहिनी होत्या, त्यांच्याही हातात छत्री. बाहेर अर्थात तेव्हा पाऊसच पडत होता.